पास कुणी दिला?

दोस्तहो, येशूचे चमत्कार खरे की खोटे यावर टपरीवर चहा गार करत बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे : भांडण चुकीच्या जागी लावलंय. नुसत्या शब्दानं लुळा उठून चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक. पण पुस्तक नीट वाचा. त्यातले येशूचे वैरी 'आजार गेलाच नाही' असं क्वचितच म्हणतात. त्यांचा सवाल वेगळा. यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक आणि शास्त्री त्याला घेरून विचारतात : हे करायचा अधिकार तुला कुणी दिला? गोदीच्या गेटावर आम्हाला विचारतात तेच. पास कुठाय?

मार्कचा दुसरा अध्याय घ्या. गाव कफर्णहूम. चौघं जण एका लुळ्या माणसाला घेऊन येतात. दारात गर्दी. ते छपरावर चढतात, छप्पर उसकटतात, खाट खाली सोडतात. ओझी वाहणारा मी सांगतो, जिता माणूस वर चढवून न सांडता खाली सोडायला देव लागत नाही, खांदे लागतात. आणि येशूनं विश्वास बघितला तो 'त्यांचा', असं मार्कनं लिहून ठेवलंय. एकट्या आजाऱ्याचा नव्हे.

मग तो म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. शास्त्री आतून पेटतात : क्षमा देवाच्या हातातली, हा कोण लागून गेला? त्यावर येशू म्हणतो, मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर हा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं, म्हणून याला उठवतो. म्हणजे बरं करणं हा नुसता पुरावा. दावा अधिकाराचा. हीच गोष्ट मत्तय सांगतो तेव्हा गर्दी देवाची स्तुती करते, की असा अधिकार त्यानं माणसांना दिला. माणसांना! अनेकवचन आहे, दोस्तहो.

त्या अनेकवचनाचं पुढं काय झालं? १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेनं फर्मान काढलं : वर्षातून एकदा तरी पाद्र्यापुढं पाप कबूल करायचं. अधिकार वरून येतो म्हटलं की तो वाटणारा मुकादम मधे येतोच. म्हणून १९५७ साली छापलेल्या बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला बुद्ध स्वतःला मार्गदाता म्हणतो, मोक्षदाता नाही.

आता कुष्ठरोगी. लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय सांगतो, त्यानं फाटकी वस्त्रं घालावीत, 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडावं, वस्तीबाहेर राहावं. गावकुसाबाहेरच्याला याचा अर्थ समजवायला नको. येशूनं आधी हात लावला, मग शुद्ध हो म्हणाला. आधी स्पर्श! इथं मी त्याच्या बाजूला. पण लगेच तो म्हणतो, जा, याजकाला दाखव, नेमलेलं अर्पण दे. का? ज्यानं हाकललं त्याचंच सर्टिफिकेट कशाला?

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध भिकारी भेटतो. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? कर्मसिद्धांताचा धंदा तिथंही होता. येशू म्हणतो, कुणाचंच नाही. जिंकलंस, गड्या! पण पुढं कारण देतो : देवाचं काम याच्यात दिसावं म्हणून. म्हणजे कुणाचा तरी महिमा झळकावा म्हणून एकानं जन्मभर अंधारात भीक मागायची? असले महिमे आम्ही देवळांच्या बाहेर उभं राहून पुष्कळ बघितलेत.

आणि ज्या हातानं कुष्ठरोग्याला शिवलं, त्याच्या नावानं चालणाऱ्या धर्मात काय झालं? तामिळनाडूत त्रिचीच्या मेलपुदूरला कॅथलिक कब्रस्तानात दलित ख्रिस्त्यांचे मुडदे वेगळे पाडायला भिंत बांधली गेली. मेल्यावरसुद्धा 'अशुद्ध, अशुद्ध'.

रोग बरे करायच्या सभा भरवणाऱ्यांनो, लुळ्यांना राहू द्या, त्यांना दवाखान्यात आम्ही खांद्यावर नेऊ. तुम्ही असल्या भिंतींना हात लावा. त्यासाठी कुणाच्या बापाचा पास लागत नाही.