भस्माची पुडी आणि मशेरीची डबी

गेल्या पौर्णिमेला गाणगापूरला जाऊन आलो. आमच्या घरात गाणगापूरचे वेड जुने. चोर्ला घाट चढून बेळगाव, मग विजापूर, अफझलपूर असा लांबचा प्रवास. पण भीमा-अमरजेच्या संगमावर पाय बुडवले की अंग मोडल्याचे काही वाटत नाही. कर्नाटकात असूनही तिथे मराठी माणसाला परके वाटत नाही. दुकानदारापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे आपल्याशी मराठीत बोलतात. दुपारी झोळी पुढे करून माधुकरी मागताना सरकारी नोकर काय आणि शेतकरी काय, सगळे सारखेच!

या वेळी जाण्याला एक कारण होते. माझा भाचा यंदा सतरा वर्षांचा झाला. ताईला लग्नानंतर सहा वर्षे मूल नव्हते. गाणगापूर हे तर अशा जोडप्यांचे माहेरच. गुरुचरित्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातली साठ वर्षांच्या वांझ बाईची गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. तिने संगमावरच्या अश्वत्थाची सेवा केली आणि तिची कूस उजवली. ताईनेही औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या, नवस बोलला, आणि पुढल्या वर्षी हा भाचा झाला. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी आम्ही पादुकांच्या दर्शनाला जातो.

पण या खेपेला मनात एक खडा होता. काही महिन्यांपूर्वी भाच्याच्या कॉलेजात तपासणी झाली आणि त्याचा रक्तदाब जास्त निघाला. मशीन बिघडले असेल म्हणून पुन्हा मोजला, पुन्हा तेवढाच! मुलगा बारीक चणीचा, फुटबॉल खेळणारा. डॉक्टरांनी बाकीच्या चाचण्या केल्या आणि मग ताईला विचारले, "जन्मताना वजन किती होते?" दोन किलोच्या थोडे वर. "गरोदरपणी तंबाखू वगैरे?" ताई ठामपणे म्हणाली, "छे हो डॉक्टर, आमच्या घरात असली व्यसने नाहीत."

मी शेजारीच बसलो होतो. ती खोटे बोलत नव्हती. तिला मनापासून तसेच वाटत होते. ताई तंबाखू खात नाही. ती मशेरी लावते, सकाळी आणि संध्याकाळी. त्या नऊ महिन्यांत तर मळमळ थांबते म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा लावायची. आणि त्या मशेरीचा तंबाखू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोण आणून देत असे? मीच. बहिणीला डोहाळे लागले म्हणून भाऊ जसे आवाळे-चिंचा आणतो, तसा मी तंबाखूचा पुडा आणत होतो. गोव्यात २००५ साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा बरे झाले म्हणणारा हाच मी!

मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला आणि कुटलेला तंबाखू. भाजल्याने त्याचा रंग बदलतो, निकोटिन जात नाही. पण आपल्या बायकांच्या मनात मशेरी हा दातवणाचा प्रकार आहे. म्हणूनच माझे पहिले म्हणणे असे की, गरोदर बाईला "तंबाखू खाता का?" हा प्रश्न विचारणे निरुपयोगी आहे. "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?" असे विचारायला हवे. कचेरीत आमचा रोजचा अनुभव आहे, अर्जातला रकाना चुकीचा असेल तर माहितीही चुकीचीच भरली जाते.

घरी आल्यावर मी हाती लागेल ते वाचून काढले. कला शाखेचा माणूस, सगळे समजले असे म्हणणार नाही. पण जे समजले ते असे. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मलेली होती. धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज तिथेच संपतो.

१०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. पण प्रश्न वजनाच्या काट्यापुरता नाही. निकोटिन आईच्या रक्तातून वारेत आणि तिथून बाळात जाते. ते रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे बाळाकडे जाणारे रक्त कमी पडू शकते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत बाळाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या घडत असतात. धमनीच्या भिंतीत रबरासारखे ताणणारे इलास्टिन नावाचे धागे असतात. ते मुख्यतः जन्माआधी आणि पहिल्या काही वर्षांत विणले जातात, नंतर फारसे नाही. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्याही जन्माआधीच ठरते. म्हणजे तेव्हा जे उणे राहिले ते पुढे भरून काढणे कठीण. लहानपणी ते दिसत नाही. उंची वाढते, हृदयावरचे काम वाढते, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तपासणीला बसतो तेव्हा कुठे आकडा बोलू लागतो.

नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला पाच वर्षांच्या २५९ मुलांच्या मानेतल्या धमन्या तपासल्या गेल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गरोदरपणी विडी-सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांच्या धमनीची भिंत जाड आणि लवचिकपणा १५ टक्क्यांनी कमी आढळला. आणि आई-बाप दोघेही ओढणारे असतील तर परिणाम सर्वांत जास्त! स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवायची पद्धत आहे, आपल्या मशेरीचीच ती गोरी बहीण. तिथल्या २०१९ सालच्या एका छोट्या अभ्यासात अशा आयांच्या पाच-सहा वर्षांच्या मुलांचा रक्तदाब इतरांपेक्षा जास्त दिसला.

दारूबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण आपण गोंयकार. दारूचा गर्भाच्या मेंदूवर होणारा परिणाम १९७३ पासून जगाला नावानिशी माहीत आहे. रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अजून तितका स्पष्ट झालेला नाही. पण गर्भारपणी अमुक इतकी चालते असे सुरक्षित प्रमाण कुणीही सांगू शकलेले नाही. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापतात. आपल्याकडे २०१९ पासून जो इशारा सक्तीचा झाला त्यात आरोग्य आहे, गाडी चालवणे आहे, पोटातले बाळ नाही. सर्दीला, पोटदुखीला "चमचाभर फेणी" देणाऱ्या आपल्या समाजात हा शब्द बाटलीवर यायला नको का? फेणीचा अभिमान मलाही आहे. पण अभिमान आणि औषध यांची गल्लत नको.

आता गाणगापूरच्या वाटेवरची गोष्ट. गाडीत ताईच्या जावेची सून होती, तिसरा महिना. घाटातल्या वळणांनी पोरगी हैराण झाली. मागच्या सीटवरून एका वडीलधाऱ्या काकींनी डबी उघडली आणि मायेने म्हणाल्या, "चिमूटभर लाव गो, मळमळ थांबतली." तिने बोट पुढे केले आणि मी जवळजवळ ओरडलोच, "काकी, नको!" गाडीत शांतता पसरली. ताई म्हणाली, "अरे, सगळ्याच लावायच्या. आईने लावली, तू काय वाईट झालास?"

मला उत्तर सुचले नाही. भाच्याचा रक्तदाब मशेरीमुळेच वाढला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. एकाच मुलाकडे बोट दाखवून असे सांगता येतच नाही. आणि सांगता आले तरी सतरा वर्षांनी त्या माउलीच्या माथी पाप मारून काय मिळणार? तिला कुणी सांगितले होते? सासूने डबी दिली, भावाने तंबाखू दिला, नवरा शेजारी बसून सिगारेट ओढत होता. मग दोष एकटीचा कसा?

मी फक्त एवढेच म्हणालो, "ताई, गुरुचरित्राचा सप्ताह असला की आपण सात दिवस किती नेम पाळतो. मग ज्या बाळासाठी एवढा नवस, त्याचे नऊ महिने घराने नेम का पाळू नये?" ताई खिडकीबाहेर पाहत राहिली.

संगमावर स्नान झाले. भस्माच्या डोंगरावरून सगळ्यांनी पुड्या बांधून घेतल्या. परत निघताना पाहिले तर काकी आपली डबी पिशवीच्या तळाशी कोंबत होत्या. टाकली नाही, नुसती खाली ठेवली. आणि सुनेच्या हातात ताईने आवाळासुपारी दिली होती.

माझे म्हणणे इतकेच आहे, वाचकहो. नवस एकट्या बाईने फेडायचा नसतो. घरात दिवस गेलेली लेक-सून असेल तर डबी, पाकीट आणि बाटली, तिन्ही घराबाहेर काढायची जबाबदारी सगळ्या घराची. विशेषतः पुरुषांची. बाजारातून पुडा आणणारे आपणच असतो.

भाचा आता मीठ कमी खातो, दर महिन्याला रक्तदाब मोजतो. डॉक्टर म्हणतात, वेळेवर कळले, काळजी नको. दत्तकृपा!