कर्ज मुलाचे, मोजमाप पित्याचे

केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेस मान्यता दिली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास तारण वा जामीनदार न मागता कर्ज मिळावे, ही तिची भूमिका स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो व्याजाच्या सवलतीचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत, व्याजात ३ टक्के सूट; तीही वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच. साडेचार लाखांच्या आतील कुटुंबांना मात्र तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातील संपूर्ण व्याज माफ.

गरिबाला आधी हात द्यावा, याविषयी दुमत नाही. पण गरिबी मोजायची कशी? नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकात पैशापैशाने नोंदलेले असते. रोखीने व्यवहार करणाऱ्याचे उत्पन्न तो स्वतः सांगेल तेवढेच. प्रामाणिकपणे कर भरणाराच येथे सधन ठरतो! शिवाय साडेचार लाखांची ही रेषा २००९ पासूनची आहे. महागाईची झळ भरून काढण्यासाठी दिलेला महागाई भत्ताच कारकुनाला त्या रेषेपलीकडे ढकलतो. घरात शिकणारे मूल एक की तीन, आजारी आजी-आजोबा आहेत की नाहीत, हे कोणी विचारत नाही. कुटुंबाचे उत्पन्न मोजायचे आणि कुटुंब मात्र मोजायचे नाही, हा कुठला न्याय?

मुलांचे शिक्षण हे आईवडिलांचे कर्तव्य, असे आपली परंपरा मानते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी पित्याची ऐपत पाहणे समजण्यासारखे आहे. परंतु हप्ते सुरू होतात तेव्हा पिता बहुधा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतो. फेड करायची असते ती मुलानेच. सधन बापाचा मुलगा तुटपुंज्या पगारावर शिक्षक होऊ शकतो आणि शेतमजुराची मुलगी लठ्ठ वेतनावर अभियंता. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून परतफेड पदवीधराच्या स्वतःच्या उत्पन्नाशी जोडली आहे. ते ठरावीक मर्यादेखाली असेल तर वसुली थांबते. तेथे ती प्राप्तिकर खात्यामार्फत होते, आपल्याकडे बँकांमार्फत. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही.

तोवर निदान सवलत एका रुपयाच्या फरकाने तुटण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी व्हावी आणि अवलंबितांची संख्या धरली जावी. मर्यादेचा आकडा महागाई निर्देशांकाशी जोडायला तर नवा कायदाही लागत नाही.