हिरवं रक्त आणि मढं उचलणारे हात

मोबाईलवरचे लढाईचे गेम पोरांना बिघडवतात का, यावर पेपरवाल्यांनी, मास्तरांनी आणि पांढरपेशा विचारवंतांनी भरपूर शाई सांडली. त्यांची चिंता एवढीच की पोराचे मार्क कमी पडतील. माझा सवाल दुसरा आहे. गेममध्ये जो मरतो, त्याचं मढं कोण उचलतं?

हसू नका दोस्तांनो. पलूसच्या स्टँडवर, किर्लोस्करवाडीच्या रस्त्याला, द्राक्षबागेच्या बांधावर सांजच्याला पोरं मोबाईलात मुंडी घालून बसलेली असतात. आपल्या वस्तीतली बी असतात. कुणी दिवसभर दुसऱ्याच्या बागेत औषध मारून आलेला, कुणी कंत्राटी कामगार. दिवसभर ज्याला कुणी नावानं हाक मारत नाही, तो रात्री बंदूक घेऊन राजा होतो. त्याचा मला राग येत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारत सुटतात, शेवटी एक उरतो. आणि मेलेल्या माणसाची पेटी होते. पेटीतनं गोळ्या काढायच्या, पट्ट्या काढायच्या, पुढं पळायचं. रडणारी आई नाही, सुतक नाही, वास नाही. खड्डा खणायला कुणी लागत नाही.

आता सरकारची नीती बघा. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली. माणूस मारणं हा खेळ झाला म्हणून आली का? छट! गलवाननंतर चिनी ॲपांवर कुऱ्हाड चालली, 118 ॲपांच्या यादीत पबजी गेला. कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या माहितीचं. जुलै 2021 मध्ये कोरियन कंपनीनं तोच खेळ भारताचं नाव लावून परत आणला. 2022 मध्ये तो पुन्हा बंद, 2023 मध्ये पुन्हा चालू. या भारतीय अवतारात रक्त हिरवं झालं. ‘किल’ जाऊन ‘फिनिश’ आलं. अठराच्या आतल्या पोरांना दिवसाला 3 तासांची मर्यादा घातली. झालं, संस्कृती वाचली! बंदूक तीच, गोळी तीच, मरणारा तसाच बिनचेहऱ्याचा. बदलला फक्त रंग.

ही युक्ती आपल्याला नवी आहे का? अस्पृश्याला हरिजन म्हणायचं आणि पाणवठा तसाच ठेवायचा, ही तीच युक्ती. नाव गोड केलं की पाप फिटतं, असं मानणारी ही व्यवस्था आहे. तिला रक्ताची लाज वाटते, मारण्याची वाटत नाही.

पबजी गेला त्याच आठवड्यात ‘फौजी’ नावाच्या देशी गेमची घोषणा झाली. सिनेमातला हिरो जाहिरातीला. 26 जानेवारी 2021 ला तो बाजारात आला. पहिलाच भाग गलवानचा. 15 जून 2020 च्या रात्री तिथं आपले 20 जवान मेले. त्यांच्या घरातली चूल नीट पेटली नसेल, तोवर साडेसात महिन्यांत त्यांच्या मरणाचा खेळ झाला. कमाईतले 20 टक्के जवानांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला देऊ म्हणाले. द्या की, चांगलं आहे. पण खेळणाऱ्या पोराला त्या थंडीत, त्या नदीत मेलेल्या माणसाबद्दल काय कळलं? दणके द्यायचे, पुढं सरकायचं. युद्धाचं भय काढून घेतलं की उरतो नुसता जयजयकार. आणि जयजयकार करणारे सीमेवर जात नाहीत, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

मग काय गेमच वाईट? मी असं म्हणणार नाही. 2012 साली ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ नावाचा एक गेम आला. त्यात खेळणारा वरनं पडद्यावर बघत पांढरा फॉस्फरस टाकतो. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. ठिपके विझले की जिंकलो. आणि मग गेम त्याला खाली उतरवतो, त्या जळालेल्या माणसांतनं चालायला लावतो. तिथं सैनिक नव्हते, आसरा घेतलेली साधी माणसं होती. लेकराला कवटाळलेली आई होती. मढं पेटीत नाहीसं होत नाही, समोर पडून राहतं.

2014 साली पोलंडमधल्या लोकांनी ‘धिस वॉर ऑफ माइन’ काढला. 1992 ते 1996 सारायेव्हो शहराला वेढा पडला होता, त्यावरनं सुचलेला. यात तुम्ही सैनिक नाही. पडक्या घरात लपलेली, भुकेली, आजारी माणसं तुम्ही. रात्री एकजण बाहेर जाऊन काय मिळतंय ते आणतो. एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांच्याकडे औषध आहे, अन्न आहे. ते तुम्हाला अडवू शकत नाहीत. लुटलं तर तुमचा माणूस जगेल आणि ते दोघं मरतील. लुटून आलेला माणूस मग घरी येऊन खचतो. 2020 मध्ये पोलंडच्या सरकारनं हा गेम शाळांच्या वाचनयादीत घालायचं ठरवलं. आपल्याकडं? रक्त हिरवं!

पण या शहाण्या गेमलाही मला एक विचारायचंय. निवड कुणाला मिळते? ज्याच्या हातात बटण असतं त्याला. आपल्या बापजाद्यांना कुणी बटण दिलं होतं? इंग्रजाला पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार पलटण उभी राहिली. युद्ध सरलं, 1921 मध्ये मोडली. दुसरं महायुद्ध पेटलं, 1941 मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी. गरज असेल तेव्हा बंदूक, गरज सरली की वेशीबाहेर. आणि गावात काय होतं? मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळायचं. मरण दुसऱ्याचं, निस्तरणं आपलं. म्हणून मढं आपोआप नाहीसं होतं ही थाप आपल्याला तरी पचू नये. 2021 च्या कोरोनात सगे-सोयरे लांब उभे होते तेव्हा सरणावर कुणाचे हात होते, आठवून बघा.

मी बंदुकीला भिऊन हे लिहीत नाही. याच पलूस तालुक्यात कुंडल आहे. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल. 7 जून 1943 ला शेणोलीला तुफान सेनेनं रेल्वे अडवून इंग्रजाचा पगाराचा पैसा काढून घेतला. त्यांच्या हातात हत्यार होतं, पण त्याबरोबर न्यायदान मंडळं बी होती. हत्यार कुणावर, कशासाठी, आणि जाब कुणाला द्यायचा, हे सवाल त्यांना टाळता आले नाहीत. हे सवाल काढून टाकले की उरतो तो खाटीकखाना, मग तो रानात असो की पडद्यावर.

2024 मध्ये पुण्याच्या कंपनीनं ‘इंडस’ काढला. गेम आपल्या मुलखात बनतात, हे आता सिद्ध झालं. पण तिथंही खेळ तोच, एकमेकांना मारून एकानं उरायचं.

म्हणून मुंबई-पुण्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो, तुम्हाला सांगणं आहे. नुसतं खेळू नका, बनवा. असा गेम बनवा की ज्यात गोळी झाडल्यावर मढं पडून राहील, आणि ते उचलल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडणार नाही. खेळणाऱ्याला खांदा द्यावा लागेल. मेलेल्याचं नाव विचारावं लागेल. त्याच्या आईच्या दारात सांगावा घेऊन जावं लागेल. आणि रक्त लालच ठेवा.