जनसंपर्काची संघटना आणि जनतेचा हक्क

कंपन्या, बँका, इस्पितळे, महामंडळे यांच्या जनसंपर्क खात्यांत आज कोकणातले अनेक सुशिक्षित तरुण नोकरीला आहेत. त्यांतले काही तर आपल्या चळवळीत वाढलेल्या घरांतले आहेत. आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे सभासद व्हावे की नाही, असा प्रश्न त्यांना पडतो. भांडवलदारांच्या भाटांच्या मेळ्याशी आपला काय संबंध, असे म्हणून आपण तो झटकून टाकतो. हे उत्तर सोपे आहे, पुरेसे नाही.

रत्नागिरी जिल्ह्याला तरी हा प्रश्न परका वाटू नये. दाभोळचा वीजप्रकल्प उभारू पाहणाऱ्या एन्रॉन कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. प्रकल्पाची पूर्वतयारी आणि भारतीयांचे ‘शिक्षण’ यांवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे त्यांनी सांगितले. ज्या लोकशिक्षणासाठी फुल्यांपासून साने गुरुजींपर्यंत माणसे झिजली, त्या शब्दाची ही किंमत! आणि शिकण्यास नकार देणाऱ्या गुहागर तालुक्यातील ग्रामस्थांच्या वाट्याला अटका व लाठ्या आल्या, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात नमूद आहे. पुढे जैतापूर प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली, तेव्हा पर्यावरण अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. एकीकडे प्रचाराचा महापूर आणि दुसरीकडे माहितीचा दुष्काळ, असे हे चित्र आहे.

आता संघटनेकडे वळू. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ साली स्थापन झाली. १९६८ साली दिल्लीच्या परिषदेत तिने आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. सत्याला अन्य कोणत्याही गरजेपेक्षा दुय्यम लेखू नये, पडताळता न येणारी माहिती पसरवू नये, असे ही संहिता बजावते. शब्द उत्तम आहेत. उणीव आहे ती अधिकाराची. वकिलाला १९६१ च्या कायद्याने बार कौन्सिलच्या शिस्तीत राहावे लागते; तिने सनद काढून घेतली की वकिली संपली. जनसंपर्काच्या संघटनेचे सभासदत्व मात्र ऐच्छिक आहे. सभासदत्व गेले तरी माणसाचा धंदा चालूच राहतो.

तरीही अशी संघटना अगदीच निरुपयोगी नसते. दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल बेल पॉटिंजर या बड्या ब्रिटिश कंपनीला ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये काढून टाकले. गिऱ्हाइके दूर झाली आणि त्याच महिन्यात कंपनी कोसळली. अर्थात, दक्षिण आफ्रिकेतील पत्रकार आणि विरोधी पक्ष यांनी प्रकरण धसास लावले, म्हणूनच संघटनेला जाग आली. बाहेरचा रेटा नसेल तर आचारसंहिता भिंतीवरच्या तसबिरीसारखी नुसती शोभेला उरते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. या तरुणांनी संघटनेत अवश्य जावे, पण तिला कामगार संघटना समजू नये. तिथे मालकाचा सल्लागार आणि कंत्राटी मदतनीस एकाच पंगतीला बसतात. पगार आणि नोकरीची शाश्वती यांसाठी वेगळीच एकजूट लागेल. संघटनेत मात्र त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. खोटे लिहिण्यास नकार देणाऱ्या सभासदाच्या पाठीशी संघटनेने उभे राहावे. बाधित ग्रामस्थांनाही सभासदाविरुद्ध तक्रार करता यावी. आणि प्रकल्पाची बाजू मांडणाऱ्याने, ती कोणाच्या पैशाने मांडतो, हे उघड सांगावे.

राहिलेले काम आपले, कार्यकर्त्यांचे आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळणे हा जनतेचा हक्क आहे. तो मागावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, त्यातल्या प्रत्येक दाव्याला पुरावा विचारावा. विकत घेतलेल्या लोकशिक्षणाला खऱ्या लोकशिक्षणानेच उत्तर देता येते.