चाळीस अंशांचं गृहीत

मे महिन्यात वीज गेली की लोक म्हणतात, 'लोड वाढला.' विदर्भातल्या उपकेंद्रांच्या यार्डात ज्याची सारी नोकरी झाली, तो मी सांगतो, हे उत्तर अर्धंच आहे. उच्चदाब स्विचगिअरचं, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांचं, आंतरराष्ट्रीय मानक हवेचं कमाल तापमान 40 अंश धरतं. त्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टना आणखी ठरावीक अंशच तापायची मुभा. चंद्रपूरचा पारा 46 वर गेला की ही मुभा सहा अंशांनी घटते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी कूलर सुरू असतात. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट होते. आयसोलेटरचे, म्हणजे यार्डातल्या उघड्या स्विचचे, कॉन्टॅक्ट तापतात, स्प्रिंग ढिली पडते, पकड सुटते, रोध वाढतो आणि ताप आणखी चढतो.

हे चक्र डोळ्यांना दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्याला दिसतं. मग कॅमेऱ्याची तपासणी डिसेंबरच्या गारव्यात, कमी लोडवर उरकून काय उपयोग? मार्चमध्ये, भर लोडवर करा. खरेदीच्या निविदेत हवेच्या 50 अंश तापमानाची अट असेल, तर ती चाचणी अहवालातही शोधा. ऊन काही मानक वाचून पडत नाही.