पदवीवाचून अडते कोणाचे?

उन्हाळ्याच्या अखेरीस परीक्षांचे निकाल हाती येतात आणि बेळगावपासून निपाणीपर्यंत व खानापूरपासून कारवारपर्यंत आमच्या मराठी घरांतून एकच खल सुरू होतो. मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावयाचे? त्याला काय जमते, त्याचे मन कशात रमते, दोन वर्षांनी तो स्वतःच्या पायावर कसा उभा राहील, हे प्रश्न विचारण्याची सवड कोणास नसते. बी. ए. होवो, बी. कॉम. होवो, निदान पदवी तरी पदरात पडो, एवढीच बापाची इच्छा. त्या इच्छेपायी कोणी सोसायटीचे कर्ज काढतो, कोणी बायकोच्या अंगावरचे सोने गहाण टाकतो, कोणी वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकतो. तीन वर्षांनी पदवी घरात येते, चौकटीत बसते, भिंतीवर चढते. तिच्याखाली बसून तोच मुलगा नोकरीच्या जाहिराती चाळू लागतो. हे चित्र आम्ही कल्पनेने रंगविलेले नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ते आज दिसत असेल.

आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर आहोत. तेव्हा आमची गत द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्यासारखी आहे, असा आरोप कोणास करता येणार नाही. त्या शिक्षणाने आम्हाला भाषेची गोडी लावली, इतिहासाची दृष्टी दिली, आणि ते ऋण आम्ही जन्मभर मानू. ज्याला विद्येची खरी ओढ आहे त्याने उपाशी राहूनही शिकावे, असेच आम्ही म्हणू. आमचा वाद विद्येशी नाही. पदवी नसेल तर मानाची व भरपूर पगाराची नोकरी मिळणारच नाही, आणि पदवी असेल तर ती मिळाल्याशिवाय राहणार नाही, या दुहेरी भ्रमाशी आमचा वाद आहे.

या भ्रमाची किंमत किती, हे आकड्यांतच पाहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेसह २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली देशातील पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. यावरून निरक्षर राहणे फायद्याचे, असा वेडगळ निष्कर्ष कोणी काढू नये. निरक्षराला बेकार बसणे परवडत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर त्याला पत्करावेच लागते. परंतु शंभर पदवीधर तरुणांत जवळजवळ तीस हात रिकामे असावेत, याचा अर्थ एवढा तरी खासच आहे की पदवी ही पोटापाण्याची हमी राहिलेली नाही. मग बापाने जमीन विकली ती कशासाठी?

पदवीवाचून मोठे काम होत नाही, असे म्हणणाऱ्या बेळगावकरांना त्यांच्याच गावाचा इतिहास सांगावा लागतो, हे नवल होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असा दृष्टिदोष निघाला आणि ती वाट बंद झाली. रडत न बसता त्यांनी यांत्रिक रेखाटनाची विद्या धरली व त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळविली. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगाव गाठले. सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, अशी त्यांची पावले पडत गेली. लोखंडाने जमीन नासते, असे मानणारे शेतकरी तो नांगर घेईनात. तथापि हा गृहस्थ डगमगला नाही. पुढे नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेने जागा घेतली आणि कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा व भांडवल दिले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या पुरुषाजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती त्याने शेकडो घरांच्या चुली पेटविल्या. आणि ज्या गावाने त्याला जाऊ दिले, ते गाव आज आपली मुले कामासाठी पुण्याला पाठविते. हेही ध्यानी धरावे की याच लक्ष्मणरावांनी आपल्या शंतनुरावांना यंत्रविद्या शिकण्यासाठी अमेरिकेला धाडले. ते विद्येचे शत्रू नव्हते. काम डोळ्यांपुढे ठेवून शिकावे, हे त्यांना कळत होते.

लक्ष्मणराव शेकड्यांत एखादाच निपजतो, असे कोणी म्हणेल. ते आम्हास मान्य आहे. म्हणून सामान्य मुलाची गोष्ट बोलू. बेळगावात उद्यमबाग आहे, मच्छे आहे, होनग्याची वसाहत आहे; पलीकडे हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. या गावाच्या फाउंड्र्यांतून निघालेली कास्टिंगे मोटारींत, पंपांत व शेतीच्या यंत्रांत बसतात. तेथे वितळलेले लोखंड तेराशे-चौदाशे अंशांवर साच्यात ओतले जाते आणि त्याच कास्टिंगाला पुढे सीएनसी यंत्रावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमके माप दिले जाते. ते यंत्र लावणारा, त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा, हत्याराची झीज आवाजावरून ओळखणारा कारागीर कारखानदार सहसा सोडत नाही. फाउंड्रीतला अव्वल पॅटर्नमेकर, डाय घडविणारा टूलरूममधला माणूस, दाबाच्या नळ्यांवर परीक्षेस उतरेल असा जोड देणारा वेल्डर, यांना शोधीत मालक फिरतो. पदवीधर मात्र मालकाला शोधीत फिरतो.

या कामाकडे जाण्याची वाट सरकारने फार पूर्वीच बांधून ठेवली आहे. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासून देशात चालू आहे. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट व इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एका वर्षाचा. त्यापुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत, असा नियम २०१९ साली झाला. त्याच वेळी त्यांचे किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले. हिशेब मांडून पाहा. दहावी झालेला सोळा वर्षांचा मुलगा अठराव्या वर्षी आयटीआय संपवितो आणि एकोणिसाव्या वर्षी उमेदवारीही पुरी करतो. त्याच्या वर्गातला जो मित्र पदवीच्या वाटेने गेला, तो एकविसाव्या वर्षी मोकळा होतो, आणि तेव्हा पहिल्याच्या गाठीशी दोन वर्षांचा पगार व दोन वर्षांचा अनुभव जमलेला असतो. पुढे शिकण्याची वाटही बंद होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात, आणि पदविकेवरून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो.

सरकारी नोकरीचे ज्यांना अतोनात आकर्षण आहे त्यांनाही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलटची जागा दहावी व आयटीआय झालेल्यास खुली असते. सातव्या वेतन आयोगात तिचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता, घरभाडे व धावत्या गाडीचा भत्ता यांवर वेगळा. रेल्वे भरतीची संगणकावरील परीक्षा मराठीतूनही देता येते, ही गोष्ट आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? पदवीधरांच्या शेजारी बसून एका कारकुनाच्या जागेसाठी झगडणारी आमची मुले या परीक्षेच्या जाहिरातीकडे पाहातही नाहीत. कारण इंजिनवर तेलाचे डाग पडतात आणि कारकुनाचा सदरा पांढरा राहतो!

येथे भाषेचा प्रश्न येतोच. वीज मंडळ्यांत व राज्याच्या खात्यांत कन्नडाचे ज्ञान मागितले जाते, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यातही शेजारच्या यंत्रावर कन्नड बोलणारा भाऊ उभा असतो. आमच्या मराठीवरील हक्काविषयी या पानाला नव्याने काही सांगण्याची गरज नाही. परंतु ज्याला तीन भाषा येतात तो कारागीर एक भाषा येणाऱ्याहून सवाई ठरतो, हे सांगण्यात आम्हास संकोच वाटत नाही. कन्नड शिकल्याने कोणाची मायबोली बाटत नाही. हक्क मागावयाचा तो मागू. पण हक्क मागणाऱ्याचे पोट भरलेले असले तर त्याचा आवाज अधिक लांब जातो.

आता नाण्याची दुसरी बाजू. केवळ आयटीआयचे प्रमाणपत्र खिशात घातले म्हणजे सोन्याचा धूर निघतो, असे सांगणारा मनुष्य पदवीचा भ्रम काढून दुसरा भ्रम विकतो. पहिली वर्षे कोरडी जातात. फाउंड्रीत उष्णता असते, वाळूची धूळ असते. त्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात आणि मुखवट्यावाचून काम करणे म्हणजे आयुष्य गहाण टाकणे होय. ज्याने हेल्पर म्हणून प्रवेश केला व दहा वर्षे हेल्परच राहिला, त्याला चांगला पगार कोणीही देणार नाही. पगार मिळतो तो पुढच्या पायरीला. रेखाटन वाचता आले पाहिजे, मायक्रोमीटर व व्हर्नियर हातात बसले पाहिजेत, त्रिकोणमितीचे चार नियम पाठ असले पाहिजेत, आणि यंत्र बिघडले तर का बिघडले हे सांगता आले पाहिजे. म्हणजे येथेही अभ्यास सुटत नाही. फक्त अभ्यासाचा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसतो.

आणि कारखानदारांनो, तुम्हालाही दोन शब्द ऐकावे लागतील. ‘कुशल माणूस मिळत नाही’ हे रडगाणे तुमच्या प्रत्येक सभेत आम्ही ऐकतो. माणूस कोठून मिळेल? शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराला वर्षभर तुम्ही माल उचलावयास लावता, झाडू मारावयास लावता, आणि वर्ष संपताच त्याला घालवून दुसरा स्वस्त पोर आणता. वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला ठेकेदाराच्या वहीत ठेवता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र आणि जादा कामास दुप्पट दर हे त्यांत लिहिलेले आहे. ते कागदावर राहिले तर बापाने मुलाला तुमच्या दारात का पाठवावे? पदवीचा मोह तुमच्या पगारपत्रकानेच तोडावयाचा आहे. आमच्या अग्रलेखाने तो तुटणार नाही.

राहता राहिला समाज. कारागिरी खालची व कारकुनी वरची, ही उतरंड आम्ही जातीच्या उतरंडीतून उचलली आणि तिला सुशिक्षितपणा असे गोंडस नाव दिले. सुतार, लोहार, तांबट यांच्या हातांवर ही नगरे उभी राहिली, आणि त्यांच्याच नातवंडांना आम्ही त्या हातांची लाज वाटावयास शिकविले. स्थळ पाहावयास गेलेला बाप ‘मुलगा काय शिकला?’ असे विचारतो. ‘मुलाला काय येते?’ असे विचारीत नाही. मुलींच्या बाबतीत तर आयटीआय म्हणजे शिवणकाम, एवढीच आमची समजूत. इलेक्ट्रॉनिक्स, मापन, सीएनसी प्रोग्रॅम, यांत मुलीच्या हाताला काय कमी आहे? शारीरिक बळाचे निमित्त संगणकाने चालणाऱ्या यंत्रापुढे टिकत नाही.

वाचकांस आमची विनंती थोडकीच आहे. या वर्षी महाविद्यालयाचा अर्ज आणण्यापूर्वी एक दिवस मुलाला अगर मुलीला घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जा. कार्यशाळा पाहा; यंत्रे चालू आहेत की आच्छादून ठेवली आहेत ते पाहा; गेल्या वर्षी शिकलेली मुले कोठे लागली ते विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर दुसरी संस्था पाहा. ओळखीच्या कारखान्यात जाऊन दहा वर्षे काम केलेल्या टर्नरला त्याचा पगार विचारा आणि तोच प्रश्न दहा वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या शेजाऱ्याला विचारा. मग मुलाच्या तोंडाकडे पाहून निर्णय करा. त्याला पुस्तकात रमावयाचे असेल तर महाविद्यालय आहेच, आणि तेथे त्याने खुशाल जावे. परंतु सायकल उघडून पुन्हा जोडणारा, घरातला पंखा दुरुस्त करणारा, रिकामा वेळ मिळाला की कोणत्यातरी मोडक्या वस्तूत डोके घालून बसणारा जो पोर तुमच्या घरी आहे, त्याला केवळ लोक काय म्हणतील या भयाने तीन वर्षे कोंडून ठेवू नका. जमिनीचा तो तुकडा राहू द्या. पुढे त्याच जमिनीवर त्याला स्वतःचे एक यंत्र बसवावयाचे असेल.