पाहुणचाराचें ऋण

परदेशांतून सुवार्तासेवेसाठीं वाशीमकडे येणारे बंधुभगिनी आपणांस कांहीं द्यावें या हेतूनें येतात. हा हेतु स्तुत्यच होय. परंतु देणाऱ्यानें घेण्यासहि शिकलें पाहिजे, असें आमचें मत आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत प्रभूनें शिष्यांस पिशवी व जोडे न घेतां पाठविलें आणि पुढें वाढिलेलें खाण्यास सांगितलें. म्हणजे सेवकानें प्रथम यजमानाचें ऋण पत्करावें. अमेरिकेच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ सालीं हिंदुस्थानांत आल्या. १९३८ सालीं त्यांनीं येथें रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केलें व पुढें दीर्घकाळ सेवा केली. अशानेंच पाहुणा शेजारी होतो.

मात्र दोष आपल्याकडेहि आहे. पाहुणा गोरा म्हणून कित्येक घरीं उसनवारी करून पक्वान्नें रांधितात. वऱ्हाडची ज्वारीची भाकरी, पिठलें व ठेचा यांची लाज कां वाटावी? विद्यार्थिमित्रहो, जें रोज खातों तेंच प्रेमानें वाढावें. आणि परदेशीयास पाट, पण दारीं आलेल्या मजुरास उंबरठा, असा भेद जेथें आहे, तेथें पाहुणचार असेल. ख्रिस्ती प्रीति नाहीं.